किचकट सॉफ्टवेअरचं ऑनबोर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात प्रॉडक्ट डिझायनर म्हणून काम करते. आमचं सॉफ्टवेअर हिंजवडीत बनतं आणि भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत चालतं. मशीनमधून डेटा घ्यायचा, सर्व्हरवर पाठवायचा, आणि कोणतं मशीन किती चाललं, कशामुळे थांबलं ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम. नवीन ग्राहकाला या सगळ्यात रुळवणं, म्हणजे ऑनबोर्डिंग, माझ्याकडे असतं. ज्युनिअर डिझायनर, प्रॉडक्ट मॅनेजर, स्टार्टअप काढलेले मित्र, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. उदाहरणं कारखान्यातली आहेत. तुमचं प्लॅटफॉर्म पेमेंटचं किंवा क्लाउडचं असेल तर मशीनच्या जागी तुमची वस्तू घाला, बाकी दुखणं बहुतेक तेच निघेल.

ऑनबोर्डिंग म्हणजे प्रॉडक्ट टूरच ना?

टूर हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. "हे बटण इथे, तो मेनू तिथे" असं फिरवून आणलं की आपल्याला वाटतं, झालं. समोरचा मात्र "पुढे, पुढे, पुढे, बंद करा" एवढंच दाबत असतो.

माझ्या मते वापरणाऱ्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या कामाचा एक खरा निकाल पडला की ऑनबोर्डिंग संपलं. आमच्याकडे तो निकाल असा: "काल दुसऱ्या शिफ्टला तीन नंबरचं सीएनसी चाळीस मिनिटं थांबलं होतं, आणि हे मला कोणाला न विचारता कळलं." तुमच्या प्लॅटफॉर्मसाठी असं एक वाक्य लिहून बघा. ते लिहिता येत नसेल तर स्क्रीन काढायला अजून बसू नका.

पण आमच्या विझार्डच्या, म्हणजे सेटअपसाठी ओळीने येणाऱ्या स्क्रीनच्या, प्रत्येक पायरीचं डिझाइन चांगलं आहे. तरी लोक मधेच का सोडतात?

कारण बहुतेक वेळा काम स्क्रीनवर अडत नाही, दोन माणसांच्या मधे अडतं. साध्या ॲपमध्ये खातं उघडणारा, सेटअप करणारा, परवानगी देणारा आणि रोज वापरणारा एकच असतो. किचकट प्लॅटफॉर्मवर ही चार वेगळी माणसं असतात, आणि त्यांच्यापैकी निम्मी एकमेकांशी फारशी बोलत नसतात.

आमचा पहिला विझार्ड अकरा पायऱ्यांचा होता. चौथ्या पायरीवर पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) विचारला होता. आकडे बघितले तर लोक तिथेच गळत होते. आम्ही काय केलं? ती स्क्रीन दोनदा नव्याने डिझाइन केली. मदतीचा मजकूर घातला, छोटं चित्र घातलं, रकाना मोठा केला. गळती जशीच्या तशी.

शेवटी मी भोसरीच्या एका कारखान्यात जाऊन बसले. विझार्ड उघडला होता प्लांट हेडने, कारण खातं त्याच्या नावाने होतं. आयपी पत्ता त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्याने मेंटेनन्सच्या माणसाला फोन लावला. तो एका प्रेसच्या खाली हात घालून बसलेला. तासाभराने हात पुसत आला आणि म्हणाला, पत्ता देतो, पण तुमचा गेटवे (मशीनमधला डेटा सर्व्हरवर पाठवणारा डबा) नेटवर्कवर घ्यायचा तर आयटीवाल्यांना विचारावं लागेल. आयटीचा माणूस आठवड्यातून दोन दिवस येणारा. तोवर आमचं सेशन संपलं होतं आणि पहिल्या तीन पायऱ्यांत भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. म्हणजे ती स्क्रीन निर्दोष होती आणि आमची अख्खी कल्पनाच चुकीची होती.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येक अवघड पायरीवर "हे दुसऱ्याकडे पाठवा" असं बटण आलं. त्यातून एक लिंक व्हॉट्सॲपवर जाते आणि फक्त तेवढीच पायरी उघडते. बाकी खातं दिसत नाही आणि ठरलेल्या दिवसांनी लिंक मरते. दुसरं, भरलेलं काहीही पुसलं जात नाही. तिसरं, प्लांट हेडला विझार्डच्या जागी एक साधी यादी दिसते: काय झालं, काय कोणाकडे आहे, किती दिवसांपासून. "नेटवर्क परवानगी: आयटीकडे, ३ दिवस" हे वाक्य वाचून प्लांट हेड जो फोन करतो, तो आमच्या कुठल्याही रिमाइंडर ईमेलपेक्षा जास्त काम करतो.

आयटीच्या माणसासाठी वेगळं एक पान केलं, छापलं तर एका कागदावर मावेल असं. गेटवे फक्त बाहेर कनेक्शन करतो, आत कोणी येत नाही. पोर्ट ८८८३, म्हणजे टीएलएसवर (सुरक्षित कनेक्शनवर) चालणारं एमक्यूटीटी, ही मशीनचा डेटा पाठवायची पद्धत. कोणत्या पत्त्याशी बोलतो. कोणता डेटा जातो. त्या पानावर आमचा लोगो सोडला तर जाहिरातीचा एक शब्द नाही. नकार देणं हे आयटीवाल्याचं कामच आहे, तेव्हा त्याला होकार द्यायला लागणारा कागद आपण तयार करून द्यायचा.

मग डिझाइनची सुरुवात कुठून करायची?

माणसांच्या यादीपासून. कोण पैसे देतो, कोणाकडे पासवर्ड आहे, कोणाला माहिती आहे, कोणाची परवानगी लागते, रोज कोण बघणार. प्रत्येकाला काय मिळणार आणि त्याचं काय वाढणार हेही शेजारी लिहा. मेंटेनन्सवाल्याचं काम वाढतं आणि श्रेय प्लांट हेडला मिळतं, हे त्या कागदावर दिसलं की त्याचा थंड प्रतिसाद कुठून येतो ते कळतं.

सेटअपमध्ये काय विचारायचं आणि काय गृहीत धरायचं?

जे नंतर बदलता येतं ते गृहीत धरा. जे चुकलं तर आकडेच खोटे पडतात ते विचारा, आणि आधी विचारा.

साप्ताहिक सुट्टीचं घ्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रविवार आपोआप धरलेला असतो. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. पुण्यात गुरुवारी लाइट जाण्याशी तिचं जुनं नातं आहे. आता ओईईचं, म्हणजे मशीन एकूण किती परिणामकारक चाललं त्या आकड्याचं, गणित बघा: उपलब्धता गुणिले कामगिरी गुणिले गुणवत्ता. उपलब्धता ९० टक्के, कामगिरी ९५, गुणवत्ता ९९ असेल तर ओईई साधारण ८४.६ येतो, म्हणजे उत्तम. पण सुट्टी रविवारी धरली असेल तर गुरुवारची उपलब्धता शून्य मोजली जाते आणि आठवड्याचा आकडा धाडकन पडतो. ग्राहकाला पहिल्याच आठवड्यात खोटा आकडा दिसला की पुढचे खरे आकडेही तो मानत नाही. गेलेला विश्वास सेटिंग बदलून परत येत नाही.

तिसऱ्या शिफ्टचंही तसंच. रात्री अकराला सुरू होऊन सकाळी सातला संपणारी शिफ्ट कोणत्या तारखेची? प्रत्येक कारखान्याचं उत्तर ठाम असतं आणि दर वेळी सारखं नसतं. हा प्रश्न आम्ही आता दुसऱ्याच पायरीला विचारतो. उलट कंपनीचा लोगो, डॅशबोर्डचा रंग, टाइम झोन हे सगळं विझार्डमधून काढून टाकलं. चाकणच्या कारखान्याला टाइम झोन विचारणारा फॉर्म मीच कधीकाळी बनवला होता, हे इथे कबूल करते.

तांत्रिक पायऱ्या मुळातच अवघड असतात. त्या सोप्या कशा करायच्या?

अवघडपणा नाहीसा होत नाही. पण तो कोणी उचलायचा हे ठरवता येतं.

मॉडबस हा १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेला प्रोटोकॉल, म्हणजे मशीनशी बोलायची ठरलेली पद्धत, आजही जिथे तिथे भेटतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये रजिस्टरचे, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांचे, नंबर ४०००१ पासून छापलेले असतात, प्रत्यक्ष संदेशातला पत्ता मात्र शून्यापासून सुरू होतो. म्हणजे मॅन्युअलमधला ४०१०१ हा खरा १००. इथे एकाची चूक झाली की शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो, आणि गंमत म्हणजे तोही खरा वाटतो. पुढे आणखी एक खड्डा आहे. एक रजिस्टर १६ बिटांचं असतं. दशांशातलं तापमान सहसा ३२ बिटांत, म्हणजे दोन रजिस्टरांत ठेवतात. त्या दोघांपैकी आधी कोणतं, हे उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतात. उलटं जोडलं तर २५ अंशांच्या जागी इतका सूक्ष्म आकडा तयार होतो की स्क्रीनवर तो ०.०० दिसतो.

आमच्या पहिल्या आवृत्तीत यासाठी "बाइट ऑर्डर" नावाचा ड्रॉपडाउन होता, चार पर्यायांचा. मेंटेनन्सच्या माणसाने तो उघडून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं. तीस वर्षं मशीन सांभाळणारा माणूस आमच्या शब्दांमुळे स्वतःला अडाणी समजायला लागला होता.

आता ड्रॉपडाउन नाही. गेटवे ते रजिस्टर चारही पद्धतींनी वाचतो, चारही उत्तरं शेजारी शेजारी मांडतो आणि विचारतो: "मशीनच्या पॅनेलवर आत्ता यातला कोणता आकडा दिसतोय?" माणूस पॅनेलकडे बघतो, २५.० वर बोट ठेवतो, संपलं. बाइट ऑर्डर आमची आम्ही लिहून घेतो. यातही एक मेख आहे. मशीन बंद असेल आणि आकडा शून्यच असेल, तर चारही उत्तरं सारखी दिसतात आणि माणूस पहिल्यावर बोट ठेवून मोकळा होतो. म्हणून चारही आकडे सारखे आले तर ती पायरी पुढे जाऊ देत नाही. "मशीन चालू करून पुन्हा बघा" असं सांगते.

वापरणाऱ्याला जे डोळ्यांनी दिसतं तेच त्याला विचारावं, हे मी या एका स्क्रीनवर शिकले.

चुकांचे मेसेज कसे लिहावेत?

"कनेक्शन अयशस्वी" हा मेसेज लिहिणाऱ्याला काहीतरी लिहिल्याचं समाधान देतो, बाकी कोणाला काही देत नाही. उत्तरच आलं नाही, याचा अर्थ पत्ता चुकलाय, केबल निघालीय किंवा मधे फायरवॉल आहे. समोरच्याने कनेक्शन नाकारलं, तर पीएलसी सापडला पण मॉडबसचं पोर्ट ५०२ उघडं नाही, किंवा काही पीएलसींच्या बाबतीत, आधीच जोडलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने जागा अडवली आहे. जोडणी झाली पण एक्सेप्शन कोड २ आला, तर ते रजिस्टरच अस्तित्वात नाही. सॉफ्टवेअरला हा फरक कळतो. मग तो माणसाला सांगायला काय हरकत आहे?

पुणेरी पाट्यांची चेष्टा होते, पण चांगली पाटी काय करायचं आणि काय नाही हे एका ओळीत सांगते. तेवढं घ्यावं. टोमणा घेऊ नये. अडलेला माणूस आधीच चिडलेला असतो.

डेमो डेटा द्यावा का?

द्यावा. मशीन जोडायला आठवडा लागणार असेल तर तोवर रिकामा डॅशबोर्ड बघून कोणाचा उत्साह टिकेल? स्ट्राइप या पेमेंट कंपनीचं टेस्ट कार्ड, ४२४२ चार वेळा, जगभरच्या डेव्हलपरांना तोंडपाठ आहे. खरा पैसा न हलवता पूर्ण व्यवहार करून बघता येतो, हे त्याचं सामर्थ्य. टेस्ट आणि लाइव्हच्या किल्ल्याही तिथे वेगळ्या असतात, त्यामुळे एकातला व्यवहार दुसऱ्यात जात नाही.

हाच वेगळेपणा आम्ही सुरुवातीला पाळला नाही. "लेथ-१" नावाचं आमचं खोटं मशीन एका ग्राहकाच्या खऱ्या मासिक अहवालात गेलं, आणि त्यांच्या सगळ्या खऱ्या मशीनांपेक्षा चांगलं चाललेलं दिसलं! मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे लेथ कोणत्या शेडमध्ये आहे. आता डेमो वेगळ्या खात्यात राहतो, पानाला पट्टेरी कड असते आणि अहवाल निघतच नाही.

चेकलिस्ट आणि प्रोग्रेस बार खरंच चालतात का?

चालतात, पण त्यांचा मोह वाईट. २००६ मध्ये न्यून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटून एक प्रयोग केला होता. अर्ध्या लोकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, अर्ध्यांना दहा शिक्क्यांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठच फेऱ्या बाकी. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, शिक्के मारलेलं ३४ टक्के लोकांनी. हे वाचून प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजर "खातं उघडलं ✓" अशी एक फुकटची ओळ यादीत टाकतो. टाका, माझी ना नाही. पण "प्रोफाइल फोटो लावा" ही ओळ घालून शंभर टक्के भरून दाखवाल आणि मशीन एकही जोडलेलं नसेल, तर ती यादी तुमच्या रिपोर्टसाठी आहे, ग्राहकासाठी नाही.

टूलटिप (बटणाजवळ उगवणाऱ्या छोट्या सूचना) किती असाव्यात?

विचारल्यावर दिसतील तितक्या. न विचारता मधे येणाऱ्या मदतनीसाचं काय होतं ते मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधल्या क्लिपी या बोलक्या पेपरक्लिपने दाखवून दिलं आहे: ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातून बंद ठेवला गेला आणि ऑफिस २००७ मध्ये गेलाच.

नवीन माणसापासून अवघड फीचर लपवावीत का?

यावर जुना आणि चांगला पुरावा आहे. आयबीएममध्ये जॉन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एका वर्ड प्रोसेसरची "ट्रेनिंग व्हील्स" आवृत्ती बनवली, म्हणजे लहान मुलांच्या सायकलला लावतात तशी आधाराची चाकं. अवघड पर्याय मेनूत दिसत, पण निवडले तर "हे सध्या उपलब्ध नाही" असं उत्तर येई. ती वापरणाऱ्या नवशिक्यांनी मूळ काम लवकर पूर्ण केलं, कारण भलत्याच चुकीतून बाहेर पडण्यात त्यांचा वेळ गेला नाही. त्यांनी फीचर नाहीसे केले नव्हते, फक्त कुलूप लावलं होतं, हे लक्षात घ्या. काय काय आहे ते दिसतं, हात मात्र पोळत नाही.

पण चाकं काढायची कधी, हे सॉफ्टवेअरने ठरवू नये. आमच्याकडे एक इंटिग्रेटर, म्हणजे कारखान्यात मशीन आणि सॉफ्टवेअर जोडून देणारा, येतो; त्याने पन्नासेक कारखाने जोडले असतील. त्याला पुन्हा "नमस्कार, चला शिकूया" दाखवलं तर तो आम्हालाच शिकवेल. पहिल्याच स्क्रीनवर "मी हे आधी केलंय" असं एक बटण ठेवलं आहे; ते दाबलं की सगळ्या रजिस्टरांची सीएसव्ही फाइल थेट चढवता येते. विझार्डचा वेळ वाचतो आणि आमचे सपोर्टचे फोनही.

इंटरफेस मराठीत द्यावा का? ऑपरेटरना इंग्रजी येतंच की.

वाचता येणं आणि गर्दीत, आवाजात, चाळीस सेकंदांत नीट समजणं यात फरक आहे. द्यावा. पण भाषांतर करून घेतलेली एक्सेल शीट म्हणजे मराठी इंटरफेस नव्हे.

पहिली गोष्ट शब्दांची. शॉप फ्लोअरवर "रिजेक्शन", "सायकल टाइम", "ब्रेकडाउन", "सेटिंग" हेच मराठी शब्द आहेत. आम्हाला भाषांतरातून "अस्वीकृती" आणि "चक्रकाल" मिळाले होते. एका ऑपरेटरने चक्रकाल वाचून विचारलं, "हे पंचांगाचं आहे का?" क्रियापदं मराठी ठेवली आणि नामं तिथली, की वाक्य आपोआप माणसात येतं: "रिजेक्शन नोंदवा", "ब्रेकडाउनचं कारण निवडा".

दुसरी गोष्ट डेव्हलपरांना आधीच सांगून ठेवा. इंग्रजीत मशीनचं नाव वाक्यात कुठेही घालता येतं, मराठीत नाही. पंप बंद झाला, मोटर बंद झाली, मशीन बंद झालं. कोडमध्ये "बंद झाला आहे" असं कायमचं लिहून ठेवलं की अर्ध्या नावांना ते खोटं पडतं. विभक्ती तर आणखी खट: पंखा आणि चा जोडून "पंखाचा" होतो, माणूस "पंख्याचा" म्हणतो. व्याकरणाचं इंजिन लिहायला बसू नका, वाक्याची मांडणी बदला. "पंखा: बंद, १०.४२ पासून" यात लिंगही नाही आणि विभक्तीही नाही.

आकड्यांवर आमच्यात बरीच वादावादी झाली. मला देवनागरी आकडे आवडतात. पण मशीनच्या पॅनेलवर इंग्रजी आकडे असतात आणि माणूस दोन्हीकडे आलटून पालटून बघून जुळवत असतो. तिथे माझी आवड बाजूला ठेवली. आणि ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. इंग्रजीसाठी बसवलेल्या बटणात "पूर्ण" चा ऊकार गायब झालेला मी डोळ्यांनी बघितला आहे.

ऑपरेटरना ईमेल नसतो. लॉगिन कसं करायचं?

ओटीपी हे पहिलं सुचणारं उत्तर. त्यात दोन अडचणी. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे एसएमएसचा मजकूर डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. कोणी कौतुकाने मेसेजमधला एक शब्द सुधारला आणि तो टेम्प्लेटशी जुळेनासा झाला, की ओटीपी अडतो आणि सोमवारी सकाळी सगळी शिफ्ट दारात उभी. दुसरं, बऱ्याच शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदीच असते, तो लॉकरमध्ये. त्यामुळे आम्ही मशीनशेजारच्या टॅब्लेटवर नावाची यादी आणि चार आकडी पिन ठेवला. बटणं मोठी. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत स्पर्शाच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल आहे, पण ग्रीस लागलेल्या हातमोज्याला ते अजिबात पुरत नाही.

आणि ऑपरेटरचा मोबाइल नंबर, फोटो, जन्मतारीख "असू दे, पुढे लागेल" म्हणून गोळा करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. पण कायदा नसता तरी, माणसावर पाळत ठेवायला आलेलं यंत्र आणि त्याच्या मदतीला आलेलं यंत्र यातला फरक ऑपरेटर पहिल्या फॉर्मवरूनच ओळखतो.

ऑनबोर्डिंग चांगलं चाललंय हे मोजायचं कसं?

पहिल्या खऱ्या निकालापर्यंत किती वेळ लागला ते मोजा, पण सरासरीवर जाऊ नका. समजा सात ग्राहकांना लागलेले तास असे आहेत: २, ३, ३, ४, ५, २६, २४०. सरासरी चाळीसच्या वर जाते, आणि चाळीस तास लागलेला ग्राहक यात एकही नाही. मधला आकडा ४, तो खरं सांगतो. आणि मग २४० वाल्याला फोन करा, कारण शिकण्यासारखं सगळं त्याच्याकडे आहे.

त्या वेळेचे दोन भाग पाडा: माणूस स्क्रीनवर काम करत होता तो, आणि कोणाची तरी वाट बघत होता तो. आमच्याकडे दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. हे आधी मोजलं असतं तर आयपी पत्त्याची ती बिचारी स्क्रीन दोनदा बदलली नसती.

किती लोकांवर चाचणी करावी?

पाच, हा युझेबिलिटी तज्ज्ञ जेकब निल्सेनचा प्रसिद्ध आकडा. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरलं तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात. पण हे एकसारख्या लोकांसाठी. तुमच्याकडे प्लांट हेड, मेंटेनन्स, आयटी आणि ऑपरेटर असतील तर प्रत्येकातले किमान तीन बघा. ऑफिसातल्या कॉन्फरन्स रूममध्ये नको. तिथे वायफाय चालतं, पंख्याचा आवाज नसतो आणि सुपरवायझर हाक मारत नाही.

माणूस पाठवून सेटअप करून देणं म्हणजे डिझाइन फसलं असं नाही का?

मुळीच नाही. गुंतवणूकदारांसमोर "आमचं सगळं सेल्फ-सर्व्ह आहे" म्हणायला बरं वाटतं, पण लाखोंची मशीन असलेला माणूस पहिल्यांदा आपल्या तारा उघडून देताना समोर कोणीतरी असावं अशी अपेक्षा करतो, आणि ती रास्त आहे. चूक होते ती दुसरीकडे. आपला इन्स्टॉलेशनचा मुलगा जागेवर जे जुगाड करतो, ते त्याच्या डोक्यात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहतं. मी त्या ग्रुपमध्ये घुसले. "सर, या मॉडेलला आधी गेटवे बंद-चालू करा" हे वाक्य तिथे सहाव्यांदा दिसलं तेव्हा ते प्रॉडक्टमध्ये घेतलं.

एआय चॅट लावला तर हे सगळं लागेल का?

प्रश्नाचं नाव माहीत असलेल्या माणसाला चॅटचा उपयोग होतो. ०.०० बघणाऱ्याला "बाइट ऑर्डर" हा शब्दच ठाऊक नसतो, तो टाइप करेल "येत नाही". चॅटला त्या क्षणीचा एरर आणि रजिस्टरची माहिती आपोआप मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर जरूर लावा.

डॉक्युमेंटेशन कुठे बसतं यात?

शिकवणारं पान, काम उरकून देणारं पान, संदर्भाचं पान आणि "असं का" सांगणारं पान वेगवेगळं ठेवा. डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही मांडणी हेच सांगते. चारही एकात कोंबलं की वाचणारा फोन उचलतो.

ग्राहकाकडे पहिल्या दिवशी कधी जावं?

गुरुवार सोडून. शिफ्ट बदलण्याच्या अर्ध्या तासात तर नकोच, तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं. पहिल्या शिफ्टचा चहा झाल्यावर, दहाच्या सुमारास जा. मेंटेनन्सचा माणूस जागेवर असतो, मशीन चालू असतात म्हणून आकडे शून्य येत नाहीत, आणि आयटीवाला त्या दिवशी येणार आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असलं पाहिजे. हिंजवडीतून निघणार असाल तर आठच्या आत निघा.